सासूबाईंची वाक्यं आणि ओला टॉवेल

जावईबापूंचं काम ऐकलं की लोक गालातल्या गालात हसत. जगभरच्या भाषांतली वाक्यं गोळा करायची, शब्दाशब्दाखाली कर्ता, कर्म, क्रियापद असं लिहायचं आणि कोणती भाषा काय आधी म्हणते ते ताडून बघायचं. याला पगार मिळतो यावर सासूबाईंचा तर काडीचाही विश्वास नव्हता.

आणि नेमक्या त्याच कामी आल्या! त्यांची माहेरची भाषा बोलणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. लेकीनं ती कधी उचलली नाही. जावईबापू मात्र बोलणी खाऊन खाऊन शिकले होते. त्यांनी स्वयंपाकघरात रेकॉर्डर ठेवला.

"मनात येईल ते बोला, आई."

आईंच्या मनात एकच विषय. जावई ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो. जावई नळ गळू देतो. जावई घोरतो. जावईबापू मुकाट्यानं 'जावई'खाली 'कर्ता' लिहीत.

कचेरीतल्या साहेबांनी ती वाक्यं वाचून कपाळावर हात मारला. "अहो, बाकीच्या भाषांत माणसं झाडं लावतात, मासे पकडतात. या भाषेत नुसता जावई गुन्हे करतो! ताडायचं कशाशी? दुसरं काही आणा, नाहीतर ही भाषा गाळतो."

गाळली म्हणजे आईंची भाषा आईंबरोबरच संपणार. जावईबापूंच्या जिवाला ते लागलं. मग त्यांनी असा तोडगा काढला, जो फक्त त्यांच्याच खात्यातल्या माणसाला सुचावा. आपण डोळ्यांसमोर नसलो की आई आपोआप झाडांबद्दल बोलतील! रेकॉर्डर बायकोच्या हवाली करून ते कचेरीतल्या बाकावर मुक्कामाला गेले.

काही दिवसांनी रेकॉर्डिंग आलं. साहेबांसमोरच त्यांनी ते लावलं. जावई कुठे गेला? जावई जेवला का? जावयाला कोण काय बोललं? मग बराच वेळ नळाची टिपटिप. मग हळू आवाजात, "टॉवेल कोरडा आहे. मला करमत नाही."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं. जावईबापूंना भडभडून आलं. डोळे पुसत त्यांनी अर्थ सांगितला.

"वा! प्रश्नार्थक वाक्यं मिळाली, आणि शेवटच्या वाक्यांत तर जावई नाहीच! ठेवू या भाषा."

"शेवटीही आहे, साहेब," जावईबापू म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, ओला टॉवेल खुर्चीवर टाकला आणि शेजारी बसून राहिले. आईंनी तोंड सोडलं. रेकॉर्डर चालू करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.