इवायांचा समुद्र

अख्ख्या नागपुरात, नव्हे अख्ख्या विदर्भात, समुद्राच्या भरती-ओहोटीवर दिवस काढणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्याच घराशी जोडला गेला. तो माझा इवाई. पुण्यामुंबईकडे व्याही म्हणतात, आम्ही इवाई म्हणतो; म्हणजे माझ्या सुनेचा बाप. मी इतवारीत पितळी भांडी ठोकणारा माणूस. दुसरी पुरी केली, पाऊणकीपर्यंत, म्हणजे पाऊणच्या पाढ्यापर्यंत, पाढे पाठ केले आणि शाळेला जो रामराम ठोकला तो परत तिकडे पाहिलं नाही. त्यावाचून माझं काही अडलं नाही. उलट, समोरचा माणूस थाप मारतो आहे की खरं बोलतो आहे, हे मला भांड्याच्या आवाजासारखं कळतं, असं मी साठ वर्षं मानत आलो. इवायांच्या बाबतीत मात्र माझा कान फसला. फसला म्हणजे चांगलाच फसला, आणि तेच सांगायचं आहे.

इवाई संत्रा मार्केटात पेट्या भरायचे. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, टोपी नेहमी एका कानावर. जवान असताना व्यापाऱ्याने त्यांना संत्र्याच्या ट्रकबरोबर मुंबईला पाठवलं आणि तिथून चार पेट्या घेऊन लाँचने पलीकडे अलिबागला, व्यापाऱ्याच्या कोण्या सोयऱ्याच्या लग्नात द्यायला. पेट्या पोचल्या आणि इवाई तापाने पडले. नारळाच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना आपल्या पडवीत खाट टाकून दिली. समोर समुद्र, समुद्रात किल्ला, आणि हा नागपूरचा माणूस खाटेवर पडून अकरा दिवस पाण्याचं येणं-जाणं पाहत राहिला. अकरा दिवस. माणसं काशीत हयात घालवतात आणि घाटांची नावं विसरतात; आमचे इवाई अकरा दिवसांवर उभा जन्म अलिबागकर राहिले.

पोरीचा बाप असल्यामुळे आमच्या घरी ते फार दबून असायचे. पोरीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. दर पंधरवड्याला यायचे, ओट्यावर टेकायचे, खाली पाहून बोलायचे. पण एकदा का अलिबागचा विषय निघाला, की हाच माणूस ताठ व्हायचा. मग ओट्यावरून इतवारीच्या त्या गल्लीत, हातगाड्यांच्या खडखडाटात, नारळी-पोफळीच्या वाड्या डुलायला लागायच्या. तिथली रेती काळी. तिथला कांदा पांढरा, वेणी घालून टांगतात आणि चिरला तर डोळ्याला पाणी नाही. कोण्या अली नावाच्या धनवानाने विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून ते अलिबाग. तिथे एक वेधशाळा आहे, तिच्यात लोखंडाचा खिळासुद्धा नाही, कारण आतलं यंत्र धरतीचं चुंबक मोजतं. "खिशात चाकू घेऊन गेलं तं यंत्र रुसते," इवाई सांगायचे. आमच्या समोरच्या शिंप्याने विचारलं, "मंग सुई?" इवाई गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही बाहेरच बसा जी."

आणि किल्ला. मराठ्यांच्या आरमाराचा. त्याच्या भिंतीला म्हणे चुनाच नाही. मोठाले दगड नुसते एकावर एक. लाट आली की फटींतून आत शिरते, तिचा जोर तिथेच मरतो आणि भिंत जागची हलत नाही. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. हे सगळं मी एका कानाने ऐकायचो. पण त्यांचं वेळेचं खूळ माझ्या डोक्यात जायचं. दुपारी बोलता बोलता मधेच थांबायचे, मान वाकडी करायचे आणि म्हणायचे, "आता लागली भरती." इतवारीत. समुद्र कुठे, आपण कुठे. भरती असताना मार्केटात भरलेली पेटी सडत नाही असा त्यांचा दावा होता, आणि ओहोटीत ते प्रवासाला निघत नसत; त्यापायी दोन वेळा त्यांची कामठीची बस गेली. साखरपुड्यात त्यांनी गुरुजींना हात जोडून विनंती केली होती, "सहा मिनिटं आंगोदर घ्या जी, पाणी फिरते." गुरुजींना वाटलं, स्वयंपाकात कुठे पाणी फिरलं. त्यांनी घाईघाईने घेतलंही.

वेळ कशी कळते विचारलं तर छातीला हात लावायचे. "अंगाले समजते."

एका उन्हाळ्यात ओट्यावर पाचसात माणसं बसलेली असताना त्यांनी सांगितलं, की ओहोटीत समुद्र इतका मागे जातो की किल्ल्यापर्यंत पायी जाता येतं.

मी म्हटलं, "इवाई, इतकं पाणी जाते कोठे?"

"जिथून येते तिथं जाते जी."

"सोडते कोण?"

"कोणी नाई सोडत. आपल्या मनानं जाते."

"आमचा अंबाझरी तलाव उतरायले उन्हाळा लागते. तुमच्या अलिबागले सहा घंट्यांत उन्हाळा येते काय?"

सगळे हसले. माझी जीभ सुटली ती थांबेना. म्हटलं, "इवायानं समुद्र पाह्यला असंन तं संत्र्याच्या पेटीवरच्या कागदावर."

आतून सूनबाईचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर कधी उलटून बोलली नव्हती. "बाबा खोटं नाई बोलत, मामाजी." एवढंच. मग भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज. ते माझ्याच हातचं पातेलं होतं, आवाज मला ओळखता आला.

त्यानंतर इवाई येत राहिले, ओट्यावर बसत राहिले, पण पाण्याचं नाव काढलं नाही. पोरीच्या बापाजवळ आमच्या घरात उभं राहायला तेवढी एकच जागा होती, ती मी काढून घेतली होती. हे मला कळत होतं. पण शब्द मागे घ्यायची आमच्या घराण्यात रीत नाही. शिंपी मला विचारायचा, "काहून जी, यंदा ओहोटी लंबली?"

पोरगा कोराडीच्या वीजकेंद्रात. त्याला चार वर्षांतून एकदाची प्रवासाची सवलत मिळाली तेव्हा सूनबाईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. अलिबाग. मी लगेच हो म्हटलं आणि वर सांगितलं, "तुह्या बाबालेही घे सोबत." तिला वाटलं मी नरमलो. मी नरमलो नव्हतो. मला निकाल लावायचा होता.

आगगाडी, मग लाँच, मग धूळभरली एसटी. दुपारी तीनला आम्ही सामान टाकून किनाऱ्यावर गेलो. आता खरं सांगतो, पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा माझी बोलती बंद झाली. इतकं पाणी आणि एकही भिंत नाही. पण किल्ला दिसला, चारी बाजूंनी पाण्यात बुडालेला, लाटा त्याच्या दगडांवर आपटत होत्या, आणि माझी बोलती परत आली.

"इवाई, रस्ता दाखवा."

"उद्या सकाळी. नऊच्या आसपास."

"काऊन, आज सुट्टी आहे काय त्याले?"

त्यांनी टोपी कानावर आणखी ओढली. सूनबाई पदराचं टोक पिळत होती.

सकाळी सातला आम्ही सगळे रेतीवर. संकष्टी होती, बायकांचा उपास. पाणी थोडं मागे गेलेलं दिसत होतं, पण मधे अजून समुद्रच होता. इवाई धोतर खोचून बसले. पोरीकडेही पाहिनात. आठ वाजले. मी सहज म्हणून घड्याळाला किल्ली दिली. एवढ्यात पाण्यातून एक काळा खडक डोकं वर काढून बसला. मग दुसरा. मग रेतीचा एक लांबलचक पाठीचा कणा वर आला, ओला, चकचकीत, आमच्या पायापासून थेट किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत. आणि त्यावरून एक टांगा, घुंगरू वाजवत, सवारी घेऊन निघालासुद्धा.

इवाई उठले. टोपी सरळ केली. मी तो माणूस सरळ टोपीत प्रथमच पाहिला. "चला," ते म्हणाले, आणि मागे न पाहता चालू लागले. नवरीच्या मांडवात जो माणूस सगळ्यांच्या मागे उभा होता, तो समुद्रातून सगळ्यांच्या पुढे चालला होता. सूनबाई पळत जाऊन त्यांच्या बरोबरीला लागली. बापलेकींची पावलं ओल्या रेतीत उठत होती आणि त्यांवर पाय देत मी, मुलाचा बाप, मागून.

किल्ल्यात ते यजमान होते. भिंतीत बोट घालून दाखवलं, चुना नव्हता. चाकांवरच्या दोन तोफा दाखवल्या. गणपतीला नारळ फोडला. मग विहिरीचं पाणी काढलं आणि पहिला तांब्या माझ्यापुढे धरला. मी एक घोट घेतला. गोड. अंबाझरीपेक्षाही गोड, हे मी नागपुरात कोणाला सांगितलेलं नाही. मी तांब्या परत केला, म्हटलं, "तुम्हीही घ्या. हे काही माह्यं घर नाही." ते हसले आणि त्याच तांब्याने प्यायले. लग्नाला चार वर्षं झाली होती, पाणी आज झालं.

तेव्हा मी हळूच विचारलं, "खरं सांगा, वेळ कशी समजते?"

इकडेतिकडे पाहून ते माझ्या कानाशी आले. "वाडीतल्या म्हाताऱ्यानं सांगतली होती. तिथीची पाऊणकी, तिथीले पाऊणनं गुणा. आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनले पुरी भरती, त्याच्या सहा घंटे आधी पुरी ओहोटी."

पाऊणकी. माझ्या साऱ्या शिक्षणाचं शेवटचं पान. मास्तरच्या छड्या खाऊन पाठ केली, साठ वर्षं डोक्यात बाळगली, भांड्याच्या धंद्यात कधी लागली नाही. त्या पाढ्यात समुद्र बसला होता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तटावर जाऊन बसलो आणि उठेना. दहा वाजले, साडेदहा झाले. सगळे बोलावून थकले. मी म्हटलं, बसू द्या थोडं, पाणी काही पळत येत नाही. तेव्हा इवाई समोर येऊन उभे राहिले आणि त्या बारीक आवाजात, पण असे बोलले की तोफा ऐकतील. "उठा. समुद्र मुलाच्या बापासाठी थांबत नाई."

मी उठलो. कोणाच्या सांगण्यावरून उठल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही. परतताना पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला लागलं, आणि इवायांनी माझा हात धरला तो काठ येईपर्यंत सोडला नाही. काठावरून वळून पाहिलं तर मागे रस्ता नव्हता. शिंप्याला मी नागपुरात उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं, सबंध गल्ली गोळा करून, आणि इवायांना खुर्ची देऊन. ओट्यावर नाही, खुर्चीत.

इवाई जाऊन आता दोन हिवाळे झाले. खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. मी रोज सकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहतो आणि मोठ्याने सांगतो, आज अलिबागला भरती अमुक वाजता. मुद्दाम चुकीची वेळ सांगतो. पाऊणकी मला झोपेतही चुकणार नाही, पण चूक सांगितली की स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबतो आणि आतून सूनबाई, बापाकडूनच पाऊणकी शिकलेली, अगदी त्याच बारीक आवाजात, मला दुरुस्त करते. आज चतुर्थी होती, मी पाच सांगितले.

"नाई जी, मामाजी. चार पाऊणे तीन."