तिच्या बेटावरचं पाणी

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी करत होते तेव्हा माझी रूममेट श्रीलंकेची होती. बेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चारी बाजूंनी समुद्र यायचा. तिला त्याचं हसू यायचं. ती उत्तरेकडच्या कोरड्या भागातली, अनुराधापूरजवळची. तिचं घर एका जुन्या तलावाच्या पाळीला लागून होतं.

"समुद्र मी पहिल्यांदा शाळेच्या ट्रिपला पाहिला," ती म्हणाली. "आमच्याकडे तलाव. राजांनी बांधलेले. सकाळी दात घासायला तलाव, संध्याकाळी आंघोळीला तलाव."

"आणि मगरी?"

"आहेत ना. त्यांची बाजू वेगळी, आमची वेगळी."

त्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली. दारातच रूममेटने गुडघे टेकून तिला वंदन केलं, तशी आई गडबडली. "उठ वं बाई, उठ!" दुसऱ्या दिवशी सकाळी शेल्फवरच्या बुद्धमूर्तीसमोर आई त्रिसरण म्हणत होती. कॉफीचा मग ठेवून रूममेट शेजारी येऊन बसली आणि म्हणू लागली. चाल वेगळी, पाली शब्द तेच. त्यानंतर मी भाषांतर करायला हवंच, असं राहिलं नाही.

एकदा भांडी घासताना ती आईला आपल्या नद्यांची नावं सांगत होती. महावेली गंगा, केलानी गंगा, कळू गंगा. आईचा हात थांबला.

"एवढ्या गंगा?"

मी विचारून सांगितलं, "त्यांच्या भाषेत गंगा म्हणजे नदी. कोणतीही."

"हे बरं आहे," आई म्हणाली आणि पुन्हा कढई घासायला लागली.

एका रविवारी रूममेट आम्हाला गावाबाहेरच्या तलावावर घेऊन गेली. काठावर आणून टाकलेली वाळू, छत्र्या, ग्रिलचा धूर. ती सरळ पोहत आत गेली आणि परत येऊन तिने आईला हाक मारली, "अम्मा, कम!"

"ती पाण्यात उतरत नाही," मी म्हटलं.

"का? तुझी आई तलावाच्या गावची ना?"

खरंच होतं. आईचं माहेर भंडाऱ्याकडचं, तिथे गावागावात तलाव. रूममेटचा प्रश्न मी आईला सांगितला.

"आमचा घाट वेगळा होता," आई म्हणाली. "सगळ्यांच्या खाली. गुरं धुवायचे तिथे. बाबा म्हणायचे, पाणी भरा आन् सरळ घरी या. पोरींनी पाण्यात खेळायचं नाही. उगाच भांडण नको." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मंग पोहायला शिकणार कुठे?"

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. ओल्या हाताने रूममेटने आईचा हात धरला आणि आई सलवार-कमीजवरच पाण्यात शिरली.

पहिल्यांदा नाकात पाणी गेलं. आई खोकत रूममेटच्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता बाहेर येईल. आली नाही. "सांग तिला, पुन्हा धर," म्हणाली.

रूममेटने पाठीखाली तळवा ठेवला. "मान सोड, पोट वर घे," मी ओरडून सांगत होते, पण आईचे कान पाण्यात होते. हळूच तळवा निघाला. आई तशीच राहिली, केस पसरलेले, डोळे आभाळाकडे. मग तिचे पाय खाली गेले, ती उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, आपण एवढे हलके असतो?"

पुढच्या हिवाळ्यात नागपूरच्या विहारातल्या बायकांबरोबर आई अनुराधापूरला गेली आणि मागे राहून दोन दिवस रूममेटच्या घरी थांबली. तेव्हा सुट्टीला घरी गेलेल्या रूममेटने तिथून एक व्हिडिओ पाठवला. छातीवर लुंगी बांधून आई कमरेइतक्या पाण्यात उभी आणि रूममेटची आई तिची पाठ घासतेय. एक सिंहलीत बोलतेय, दुसरी मराठीत, आणि दोघींचं बोलणं काही संपत नाही.

"अगं, शूटिंग बंद कर!" आई ओरडली, आणि हसत पाण्यात बसली.