धुरा नसलेली जमीन

खोटा समुद्र मला लगेच ओळखू येतो. खाडीच्या काठी वाढलेल्या माणसाला तेवढं तरी यायलाच हवं. चाचांच्या मोबाईल दुकानामागच्या खोलीत पहिल्यांदा जहाजांचा गेम लावला, तेव्हा डोणगावची कॉलेजातली पोरं टीव्हीला चिकटून बसली होती. निळं पाणी, त्यात हलणारं ऊन, लांबवर एक बेट. एकजण म्हणाला, "अबे, असं वाटून राह्यलं का आपन तिथीच उभे हावो."

मी मागे स्टुलावर बसलो होतो. त्या समुद्राला ओहोटीच नव्हती. जहाज लावाल तिथे पाणी, आणि कधीही बघा, तेवढंच पाणी. चिखल नाही, कालवांनी भरलेला खडक नाही, सुकत घातलेल्या मासळीचा वास नाही. होडी तर सायकलसारखी गर्रकन वळायची. ज्याने हा समुद्र बनवला त्याने तो कॅलेंडरवर पाहिला असणार, आणि ते कॅलेंडरही कुणाच्या तरी दवाखान्यात.

हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने मी म्हणालो, "भारी आहे ना?" कारण ती खोली चालायला हवी होती, आणि ती चालवण्याचं काम माझं होतं.

मी नववीत शाळा सोडली. पुढे हापूसच्या गाडीवर क्लीनर झालो आणि एका खेपेला मेहकरच्या बाजारात तापाने पडलो. गाडीवाला मला ताडपत्रीवर झोपवून परत गेला. रमजानसाठी आंबे घ्यायला आलेल्या चाचांनी मला पाहिलं आणि आंब्यांबरोबर डोणगावला आणलं. ताप उतरेपर्यंत चाचींनी पेज दिली, आणि पुढे भाकरी. इतकी वर्षं झाली, अजून कुणी जा म्हटलेलं नाही. पण कुणी राहा असंही कधी म्हटलं नव्हतं. चाचा जरा जास्त वेळ गप्प बसले, की मी आपोआप काऊंटर पुसायला घ्यायचो.

गेमची खोली काढली तेव्हा चाचा म्हणाले होते, "पाहू बे. चालली त चालली, नाही त बंद." बंद म्हणजे मीसुद्धा बंद, असा मी सरळ अर्थ घेतला. दुरुस्तीचं काम चाचा स्वतः करत, दुकानात दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. त्यामुळे ज्या जगांचा मला मनापासून कंटाळा होता, त्यांच्याच दारात बसून मी पोरांना आत बोलावत असे.

आणि काय एकेक जगं. एक शहर होतं, आकाशाला टेकलेले मनोरे, दिव्यांनी भरलेले रस्ते. त्यात कुणाच्याही घरात शिरायचं, रांजण फोडायचे, कपाटं उघडायची. घरमालक समोर उभा राहून प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणणार, "आज हवा छान आहे." डोणगावात मी आलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी पाणपोईवरच्या म्हाताऱ्याने मला थांबवून गाव, बाप, भाऊ, शेत, जात असं सगळं काढून घेतलं होतं. जात शेवटी, आणि आडून. त्या शहरात हजार माणसं फिरत होती आणि एकालाही विचारावंसं वाटत नव्हतं, की बाबा, तू कोणाचा? याला पोरं म्हणायची, खरंखुरं जग. मी म्हणायचो, हो ना.

पोरांचे बाप कुरकुरू लागले आणि खोली रिकामी पडायला लागली. तेव्हा मेहकरहून आणलेल्या जुन्या मशीनमध्ये कुणीतरी ठेवून दिलेला शेतीचा गेम मला सापडला. तो मी सहज लावला, आणि खोलीत मोठी माणसं येऊ लागली. आडतीत सोयाबीनचा भाव विचारून झाला की ती इकडे वळायची. दिवसभर रानात राबायचं आणि मग खुर्चीत बसून परत नांगरायचं. मला हसू आवरत नसे. तिथली जमीन परदेशातली, हिरव्या टेकड्या, टेकडीवर पांढरं घर, घराला फुलं. रोही, म्हणजे नीलगाय, येत नाही, रानडुक्कर येत नाही, लाईन जात नाही. सोयाबीन पिवळं पडत नाही. असल्या शेतीत शेतकरी लागतोच कशाला, तेच मला कळेना.

सगळ्यात जास्त रमले ते गाव ज्यांना थोरले काका म्हणायचं ते. साठीचे, डोक्याला रुमाल, पायात मातीने भरलेले बूट. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर चालवायला शिकले आणि शेताच्या कडेला येऊन थांबले.

"याचा धुरा कुठी हाय?"

धुरा म्हणजे इकडे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे जमीनच वीतभर, त्यामुळे मला त्या शब्दाचं वजन नवीन होतं. म्हटलं, "काका, इथे धुरा नसतो."

"नसते कसा? मंग माह्यं कुठलोक अन् दुसऱ्याचं कुठून?"

"नकाशात रेष आहे ना."

"नकाशात त माह्यं बी हाय. म्हनूनच त तारखा चालू हायेत."

त्यांनी शेजारच्या बाजूला हातभर पट्टी नांगरायची ठेवली. मशीनने पडद्यावर दाखवलं, काम अपूर्ण आहे. मी ते वाचून दाखवलं.

"त्याले सांग," काका म्हणाले, "उरलं नाही, ठेवलं हाय."

मशीन ऐकेना. शेत पूर्ण झाल्याशिवाय ते नवं अवजार देत नव्हतं. काका जुन्याच नांगरावर राहिले, पण पट्टीला हात लावला नाही. दुसऱ्याचा धुरा कोरायचा नसतो, एवढंच म्हणायचे. शेजारी तर कुणीच नव्हतं.

मग शेजारी आला. थोरल्या काकांचे चुलतभाऊ, धाकटे काका. गावात दोघांची शेतं लागून, मधल्या धुऱ्यावरून वर्षानुवर्षं वाद, कोर्टात तारखा, एकमेकांच्या दारात कार्याला जाणं बंद. थोरले सकाळी खेळून जात, धाकटे संध्याकाळी आले आणि म्हणाले, "मलेबी दे एक वावर." त्या मशीनमध्ये एकच जग मावत होतं, आणि त्यात मोकळं शेत एकच होतं. थोरल्यांच्या लगतचं.

गंमत म्हणजे धाकट्यांनीही आपल्या बाजूची पट्टी ठेवली. दोघांच्या मिळून तिथे चांगला रुंद धुरा झाला, त्यावर गवत वाढलं. खऱ्या शेतात यांना हातभर जमिनीवरून झोप नाही, आणि इथे दोघांनी मोकळ्या हाताने सोडलेली. सकाळी थोरले विचारायचे, "त्यानं काही केलं त नाही?" संध्याकाळी धाकटे तेच विचारायचे. बोलायचे माझ्याशी. मी दोघांनाही "नाही" म्हणायचो आणि मनात म्हणायचो, शहाणे आहात तुम्ही.

पोळ्याला महिना होता तेव्हाची गोष्ट. धाकट्या काकांना घाई होती, म्हणून त्यांनी पडद्यावरचा एक गडी कामाला लावला. गेममध्ये अशी सोय असते, बटण दाबलं की मशीनचाच एक माणूस येऊन ट्रॅक्टर चालवतो. काका चहा प्यायला गेले. त्या गड्याला धुरा माहीत असण्याचं कारणच नव्हतं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ नांगरत गेला आणि गवतासकट सगळं काळं करून टाकलं.

सकाळी थोरले आले. बघत राहिले. "कोनं कोरला?"

मी गड्याचं सांगितलं. ते उठले, बाहेर गेले, आणि थोड्या वेळात धाकट्यांना पानठेल्यावरून घेऊन आले. मागून अर्धं गाव आलं.

"म्या नाही केलं," धाकटे म्हणाले, "गड्यानं नांगरला."

"मागच्या खेपीलेबी तू हेच म्हनला होता."

"तवाबी गड्यानंच नांगरला होता."

"अन् गडी कोनाचा होता?"

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी म्हणे तलाठ्याला बोलवा, कुणी म्हणे याची मोजणी इंग्लंडातून येईन. आधी लोक हसत होते, मग दोन्हीकडचे पुतणे आत घुसले आणि हसणं थांबलं. मी मध्ये पडलो. म्हटलं, "काका, कालचं जग परत आणता येतं. एक बटण दाबलं की धुरा होता तसा."

थोरल्या काकांनी माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं, की मी रिमोट मागे घेतला. "कोरलेला धुरा बटनानं येत असते काय बे?"

त्या सगळ्या महिन्यांत पडद्यावरच्या जगाबद्दल मला वाटलेली तेवढी एक आदराची घटका. ऊन, पाणी, मनोरे करणाऱ्यांना जे जमलं नाही, ते या दोन भांडखोर म्हाताऱ्यांनी हातभर गवतात केलं होतं. आणि मग त्याच्यावरून एकमेकांची गचांडी धरली होती.

चाचा आले आणि त्यांनी मशीनची पिन काढली. पडदा काळा झाला. "माह्या दुकानात धुऱ्याचा वाद नाही पाह्यजे," ते म्हणाले. "उद्या तारखेवर मलेच साक्षीदार करतीन." लोक पांगले. चाचांनी खोलीला कुलूप लावलं आणि म्हणाले, मशीन विकायचं.

दुपारी मी आईला फोन केला की येतो, आता कायमचा. ती मामाला सांगते म्हणाली, तो होडीवर घेईल. मी पिशवी भरली, काऊंटर दोनदा पुसला, आणि चाचांसमोर उभा राहिलो. ते कुणाच्या तरी फोनची काच बसवत होते.

"चाचा, मग मी निघतो."

"कुठी?"

"घरी. खोली बंद झाली ना."

"त?"

"मशीन विकणार म्हणालात."

चाचांनी चष्मा वर केला. "मशीन इकून राह्यलो बे. तुले थोडी इकून राह्यलो." मग काच उजेडात धरून म्हणाले, "हे पकड. दाबून धर, हलू नको."

मी दाबून धरली. गोंद सुकेपर्यंत हलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

संध्याकाळी पुन्हा आईला फोन केला. म्हटलं, येत नाही, इथेच राहतो. ती म्हणाली, "मामाला काय सांगू?"

"सांग, इथे काम लागलंय."

"लागलंय? इतकी वर्षं मग काय करत होतास?"

म्हटलं, गणपतीला येतो, चार दिवस. येताना चाचींसाठी कोकम न्यायचं आहे, काढून ठेव.