नैनाच्या लखलखीत बाटल्या

नैनाची आई कुसुम साताऱ्यात चार घरची धुणीभांडी करायची. मुलीला तिनं एकच गोष्ट दटावून शिकवली: आपलं खरकटं दुसऱ्यापुढे सरकवायचं नाही. पोरगी पीएचडीसाठी जर्मनीत येनाला गेली, तरी हा धडा काही सुटला नाही. सुटला असता तर बरं झालं असतं.

तिथल्या प्रयोगशाळेत वापरलेल्या बाटल्या ट्रॉलीत ठेवायचा रिवाज. धुण्याच्या कामावरच्या फ्राऊ लोरेंत्स, म्हणजे लोरेंत्सबाई, त्या तळघरात नेत. तिथलं मशीन बाटल्या धुऊन शेवटी शुद्ध पाण्यानं विसळून काढी. फ्राऊ लोरेंत्स साठीच्या, गुडघा धरून चालणाऱ्या. त्यांच्यापुढे ट्रॉली ढकलायची म्हटलं की नैनाला आईचे चिरलेले हात आठवत. मग काय, नैनाबाई आपल्या बाटल्या स्वतःच नळाखाली घासत. अगदी लखलखीत.

तिचं काम होतं एका रसायनावर. पेशीत कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन असतं. कॅल्शियम मिळालं की ते जागं होतं आणि पेशीला कामाला लावतं. हे रसायन त्या जाग्या प्रथिनाला धरून बसतं आणि त्याचं काम बंद पाडतं. कॅल्शियम नसेल तर धरता येत नाही, असंच सगळे मानत आले होते. नैनाच्या प्रयोगात मात्र कॅल्शियम नसतानाही त्यानं धरलं! तिच्या प्राध्यापिका हरखल्या. पेपर छापून आला, आणि त्या पेपरवरच नैनाचं पुढचं कंत्राट ठरणार होतं.

डार्मश्टाट शहरातल्या एका गटानं तोच प्रयोग करून पाहिला. तिथे काहीच धरलं गेलं नाही. नैनानं पुन्हा केला, तिचा पुन्हा जमला. चूक त्यांचीच, असं ती चहा करता करता सगळ्यांना सांगत होती, आणि बोलता बोलता तिनं किटलीत डोकावलं. तळाशी पांढरा थर. येनाच्या नळाचं पाणी चुनखडीच्या डोंगरातलं. चुना म्हणजे कॅल्शियमच की! आणि तिच्या बाटल्या त्याच पाण्यानं धुतलेल्या.

चहा तसाच टाकून तिनं तळघरातल्या मशीनमध्ये धुतलेली बाटली घेतली आणि प्रयोग लावला. रसायनानं काही धरलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

ती थेट प्राध्यापिकांकडे गेली.

"बरं तर," त्या म्हणाल्या, "पेपर मागे घेऊ. तू स्वतः सांगितलंस, ते चांगलं केलंस." कंत्राटाचं नाव त्यांनी काढलं नाही.

रविवारी आईचा फोन आला.

"आवाज का गं असा?"

"प्रयोग फसला, आई. परत यावं लागेल बहुतेक."

कुसुमला त्या प्रयोगातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लेकीला धीर द्यायचा, तर आपल्याला जे येतं त्यातलंच काहीतरी विचारावं, म्हणून तिनं विचारलं, "तुझी ती भांडी तरी स्वच्छ घासतेस ना, बाळा? दुसऱ्यावर नाही ना टाकत?"

"नाही गं आई," नैना म्हणाली. "सगळी मीच घासते."

"शहाणी माझी बाय," आई म्हणाली.