तापलेल्या गाडीचं झाकण

आमच्या घरात नवरी आणताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. गाडीवरची फुलं दारात पोचेपर्यंत काढायची नाहीत, आणि वाटेत नवरीचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. ही राखण नवरदेवाच्या बहिणीकडं, म्हणजे माझ्याकडं. आणि मी एकदा राखणीला बसले की कुणाची टाप नाही, हे छावणीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

मे महिना होता. लग्न चितेगावला, नवरीकडं. माझा धाकटा भाऊ भारी हौशी, बायकोला आपल्या गाडीतून आपणच चालवत नेणार म्हणून हटून बसलेला. गाडी सजवली मी. समोरची जाळी उघडी दिसू नये म्हणून झेंडूची अशी गच्च चादर बांधली की मुंगी शिरायची नाही. सगळ्यांनी वाहवा केली. मग बँडच्या मागं गाडी किती तरी वेळ रांगत राहिली, आत एसी फुल.

निरोप झाला, वऱ्हाडाच्या गाड्या पुढं निघून गेल्या. पैठण रोडला आम्ही तिघंच मागं राहिलो, भाऊ, नवी नवरी आणि मी. शहर जवळ आलं आणि समोरचा उष्णतेचा काटा तांबड्यात जाऊन बसला. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. भावानं गाडी लिंबाच्या झाडाखाली घेऊन बंद केली. मी आपली घड्याळाकडं बघून करवादत होते. घरी आई ओवाळायचं ताट घेऊन ताटकळत असणार.

भावानं बॉनेट वर केलं. खांद्यावरचा शेला हाताला गुंडाळला, पाण्याची बाटली काखेत मारली, आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला वाकला. चांगलं तोंड खाली घालून वाकला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. मी "अगं, पाय" म्हणेपर्यंत नवरी डांबरावरून पुढं गेली होती, आणि तिनं त्याचं मनगट धरलं होतं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "डोळे जातील."

आवाज चढवला नव्हता, पण भाऊ जागच्या जागी थांबला. मला मात्र आला राग. घटकाभरापूर्वी लग्न लागलेली पोरगी, भररस्त्यात नवऱ्याचं मनगट धरते म्हणजे काय! चांगली सुनवावी म्हणून मी खाली उतरले. तिनं माझं काही ऐकून घेतलं नाही. माझ्याच पदराच्या दोन घड्या माझ्या बोटांवर घातल्या आणि इंजिनाकडून येणारी रबरी नळी दाबायला लावली.

नळी लाकडासारखी टणक झाली होती. रबर ते, पण तसूभरही दबेना. ती म्हणाली, आतलं पाणी आपल्या चुलीवरच्या उकळत्या पाण्याहून गरम आहे, तरी उकळलेलं नाही, कारण झाकणानं ते दाबून धरलंय. झाकण सैल केलं की त्याच क्षणी सगळ्याची वाफ व्हायला बघतं. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण ओढावं तसं. माझ्या भावाचं तोंड त्या झाकणापासून वीतभर अंतरावर होतं.

थांबण्यावाचून इलाज नव्हता. आम्ही झाडाखाली बसलो आणि मी तिला विचारलं, तुला गं हे कसं ठाऊक? चिकलठाण्याला कंपनीत आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. बघायला गेलो तेव्हा पोहे कुणी केले ते विचारलं, पण कंपनीत काय करतेस हे एकानंही विचारलं नाही. ती रेडिएटर तपासायची. दिवसभर तेच काम.

मग ती सांगत गेली आणि मी खुळ्यासारखी ऐकत राहिले. इंजिनात सारखे पेट्रोलचे भडके उडत असतात, पापणी लवेस्तोवर कितीतरी. त्या आगीच्या भोवतीनं, लोखंडाच्या पोटात, पाण्याच्या वाटा काढलेल्या असतात. पंप पाणी फिरवतो, पाणी उष्णता उचलून पुढं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणतं, वाऱ्याला देऊन टाकतं आणि पुन्हा आगीकडं जातं. इंजिन गार असलं तर मधे एक झडप ती वाट अडवून धरते. त्या झडपेत मेण असतं, ते तापून फुगलं की वाट मोकळी होते. मेण! मला तर गहिवरून आलं. माणसानं केवढं डोकं लावलंय, आणि आपण आपले वर बसून एसी वाढव म्हणतो.

"मग आज काय झालं?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "वारा समोरून आत शिरावा लागतो, ताई."

मी गाडीच्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या हौसेनं नाक दाबलं होतं मी तिचं. उठले, आणि माझ्या हातानं बांधलेली सगळी फुलं माझ्या हातानं ओरबाडून काढली. आईला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

नळी पुरती मऊ पडल्यावरच तिनं झाकणाला हात लावू दिला. फडकं घालून आधी थोडंसं फिरवायचं, राहिलेला दाब जाऊ द्यायचा, मग काढायचं. पाणी हळूहळू भरलं. पुढं जाताना एसी बंद आणि हीटर चालू, इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची म्हणून. मे महिन्यात हीटर! शालू, शेला, मेकअप, सगळं घामानं थबथबलं. पण काटा खाली उतरत गेला आणि त्याच्याकडं बघत आम्ही तिघं देवाला हात जोडल्यासारखे बसून घरी आलो.

आईनं ओवाळलं. मग बहिणीनं दार अडवायचं आणि मागेल ते कबूल केल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा रिवाज आहे. काय मागायचं ते मी साखरपुड्यापासून ठरवून ठेवलं होतं. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले.

"बोल ताई, काय पाहिजे?" भाऊ हसत म्हणाला.

मी त्याच्याकडं पाहिलं. घामेजलेलं कपाळ, भुवया, दोन्ही डोळे, कोरलेली मिशी. सगळं जिथल्या तिथं होतं. माझे हात आपोआप खाली आले.

"मिळालं," मी म्हणाले. "या आत."