फ्रेंचबाईंची खाजरी झाडं

आमच्या शेजारच्या फ्रेंचबाई डिसेंबरात तीन आठवडे त्यांच्या गावी गेल्या आणि बागेला पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवून गेल्या. मी फार बोलत नाही, म्हणून असावं. कमी बोलणारी माणसं जबाबदार असतात, असा लोकांचा एक समज असतो.

आखातातल्या अल ऐनमध्ये त्यांची आणि आमची व्हिला एकाच भिंतीला लागून आहे. भिंतीच्या आमच्या बाजूला आईचा कढीपत्ता, शेवगा, मेथीचे वाफे, सगळं पट्टीने आखल्यासारखं. त्यांच्या बाजूला नुसतं रान. त्यांचे मिस्टर युनिव्हर्सिटीत शिकवतात. त्या स्वतः खेड्यातल्या, टोपल्या विणणाऱ्या. इथे त्यांच्या गावासारख्या लवचिक फांद्या मिळत नाहीत, म्हणून खजुराच्या बागांतून छाटलेल्या झावळ्या रस्त्यावरून ओढत आणतात. आमच्या गल्लीत सगळे त्यांना ओळखतात ते त्या खरखर आवाजावरून.

त्या रानाच्या मधोमध, भिंतीच्या सावलीत, जुन्या चादरीच्या आडोशाला त्यांनी गावाहून आणलेल्या बियांची रोपं वाढवली होती. हात लागला की आग होणारी. तिकडे ती रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतात. कोवळ्या पाल्याचं सूप करतात आणि उंच वाढलेल्या दांड्यांच्या सालीची दोरी वळतात. त्यांना ही कला एका म्हाताऱ्या शेजारणीने शिकवली होती, ती आता नाही. "माझी बोटं चालताहेत तोवर एकदा नीट, लांब दोरी वळायची आहे," त्या मला म्हणाल्या होत्या. दोन हिवाळे रोपं जळाली. या तिसऱ्या खेपेला ती गुडघ्यापर्यंत आली होती. पाणी एक दिवसाआड, बाकी कशालाही हात लावायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

हे सगळं मी आईला सांगितलं नाही. विमानाने रस्त्याकडेचं गवत आणणाऱ्या बाईबद्दल आईने जे प्रश्न विचारले असते, त्यांची उत्तरं द्यायचा मला कंटाळा होता.

दुसऱ्या आठवड्यात माझी शिफ्ट बदलली. आई म्हणाली, "मी घालते पाणी, त्यात काय!" मी किल्ली दिली आणि एवढंच म्हटलं, "जस्ट वॉटर, आई."

संध्याकाळी घरी आले तर आई मनगटाला खोबरेल तेल चोळत बसली होती.

"बघ, बघ काय झालंय! त्या बाईच्या अंगणात खाजरी झाडं माजलीत गं. एक-दोन नाहीत, रांगच्या रांग. बिचारीला पत्ताच नसेल."

"व्हॉट डिड यू डू?"

"काय करणार? ग्लोव्हज घातले, खुरपं घेतलं आणि मुळासकट उपटली. खलास. दोन तास गेले माझे. घोळीची भाजी उगवली होती कडेला, ती मात्र ठेवली हो. छान कोवळी आहे."

"आता फ्रान्सचं सरकार तुला मेडल देणार," बाबा सोफ्यावरून म्हणाले.

ती रोपं मुद्दाम लावलेली होती, हे मी सांगितलं. आईचा विश्वास बसेना. "खाजरी झाडं कोण लावतं? आणि लावली असतील तर तू बोलली का नाहीस आधी?"

मी बाहेर जाऊन कचऱ्याची पेटी उघडली. गाडी येऊन गेली होती.

त्याच रात्री फ्रेंचबाईंचा मेसेज आला. बर्फाने झाकलेल्या कुंपणाचा फोटो, खाली प्रश्न: माझी रोपं कशी आहेत? मी लांबलचक उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी थम्ब्स-अप पाठवला. दुसऱ्या दिवशीही. सहा दिवस. घरात रोज नवा सल्ला मिळत होता.

"वारं सुटलं होतं म्हणून सांग," आई म्हणायची.

"उंट खाऊन गेला म्हण," बाबा म्हणायचे.

त्या परतल्या त्या दुपारी मी एकटी जाणार होते. आई डबा घेऊन मागून आलीच. डब्यात घोळीची भाजी.

"आई, ही त्यांच्याच अंगणातली ना?"

"मग? निवडली कोणी?"

फ्रेंचबाई त्या वाफ्यात उभ्या होत्या. जमीन साफ, सपाट, वर छान पाणी मारलेलं. आई पुढे झाली. "मॅडम, व्हेरी बॅड प्लांट. इचिंग, इचिंग! आय रिमूव्ह. फुल." आणि अभिमानाने मनगट दाखवलं.

फ्रेंचबाईंनी मनगटाकडे बघितलंही नाही. "तू रोज सांगत होतीस, सगळं ठीक आहे," त्या मला म्हणाल्या.

मला त्या क्षणी आईचा, बाबांच्या उंटाचा, त्या भाजीच्या डब्याचा भयंकर राग आला होता. पण त्यांच्यापैकी कोणीही थम्ब्स-अप पाठवला नव्हता. मी म्हटलं, "आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, ती तुम्हाला मदत करते आहे. आणि रोपं उपटली गेल्याचं मला त्याच दिवसापासून माहीत होतं."

मग वळून आईला मराठीत सांगितलं. तीन हिवाळे, दोरी, बोटं, सगळं.

आईने डबा वाफ्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "दोरी? म्हणजे अंबाडीसारखी?"

आईचं माहेर परभणीकडचं. अंबाडीची भाजी मी खाल्ली आहे, पण तिचे दांडे डोहात कुजवून, साल सोलून वाख काढतात आणि आई लहानपणी त्याचे दोर वळत होती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने दोन्ही तळवे एकमेकांवर घासून दाखवले. "विचार तिला, किती दिवस भिजवते."

मी विचारलं. फ्रेंचबाई कोरडेपणाने म्हणाल्या, भिजवत नाही, वाळवते.

"वाळवून? तुटेल ना! सांग तिला."

मी सांगितलं.

"नाही तुटत," फ्रेंचबाई म्हणाल्या. त्यांनी अजून डबा घेतला नव्हता.

"या वर्षी आता होणार नाही ना तिचं? मग अंबाडी लाव म्हणावं. मी बी मागवते भावाकडून. ती उन्हाला घाबरत नाही."

मी तेही इंग्रजीत केलं. फ्रेंचबाईंनी सपाट मातीकडे पाहिलं.

"पण ते माझ्या गावचं झाड नाही," त्या म्हणाल्या.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी गोड बनवून सांगणं सोपं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.