उडदाच्या पिठाचं कडं

वैद्यबाईंनी मला कामावर घेतलं तेव्हा माझ्याकडं कसलंही सर्टिफिकेट नव्हतं. माहेर बीडजवळच्या पालीचं, घरात शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. लग्न होऊन बीडला आले. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा शेजारणीनं सांगितलं, की आयुर्वेदाच्या दवाखान्यात बायकांना तेल लावायला बाई पाहिजे. वैद्यबाईंनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "हात गरम आहेत. कामाची घाई नाही ना तुला?"

"शेळ्यांमागं हिंडलेली हाय मी, बाई. घाई कसली?"

त्या हसल्या आणि उद्यापासून ये म्हणाल्या.

आता गुडघे धरतात म्हणून काम सोडलंय. पण दवाखान्याची ती मागची खोली अजून डोळ्यांपुढं येते. मधोमध लाकडी टेबल, खिडकीला हिरवा पडदा, शेगडीवर पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली तेलाची वाटी. संध्याकाळी घरी गेलं की माझ्या पदराला त्या तेलाचा वास यायचा, आणि मुलं म्हणायची, आई, तुझा दवाखाना आला. किती तरी बायका त्या टेबलावर झोपून गेल्या. त्यातली एक मला सारखी आठवते. तिला आम्ही सगळे खालाच म्हणायचो.

खालाचं बसस्टँडजवळ फळांचं दुकान होतं. नवरा लवकर वारला, तेव्हा ती पदर खोचून गल्ल्यावर बसली आणि पुढं पोरगा हाताशी आला तरी उठली नाही. एका उन्हाळ्यात टरबुजं उतरवून घेताना तिच्या छातीत दाबल्यासारखं झालं. पित्त असेल म्हणून तिनं सोडा घालून पाणी प्यायलं. सुनेला मात्र तो घाम बरा वाटला नाही. ती रिक्षात घालून सासूला दवाखान्यात घेऊन गेली, तिथून त्याच दिवशी संभाजीनगरला नेलं आणि दोन स्टेंट टाकले. जीव वाचला.

पण घरी आल्यावर खाला बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणत होते, सगळं चांगलं आहे, रोज चाला. ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. छातीवर हात ठेवून झोपायची, ठोके मोजत. दुकानाचं नाव काढलं की रडायची. शेवटी सूनच तिला आमच्याकडं घेऊन आली.

वैद्यबाईंनी आधी सगळे कागद वाचले. मग हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून काय काय देणार ते सांगितलं, त्यांची परवानगी घेतली. मग खालाला म्हणाल्या, "हे बघा खाला, तुमच्या नळ्या उघडायचं काम त्यांनी केलंय. ते माझ्या तेलानं होत नसतं. त्यांच्या गोळ्या चालूच राहणार. मी देते ते त्याच्या जोडीला. झोप यावी, भीती कमी व्हावी, चालायला अंगात बळ यावं, एवढ्यासाठी."

"भ्याच लई वाटतंय," खाला म्हणाली. "बाकी काय न्हाई."

काढा अर्जुनाच्या सालीचा ठरला, दुधात उकळून रोज सकाळी, तोही डॉक्टरांना विचारूनच. आणि दोन आठवडे हृदबस्ती. म्हणजे उडदाचं पीठ घट्ट मळायचं, त्याचं दोन बोटं उंचीचं कडं करून छातीवर बसवायचं, आणि त्या कड्यात कोमट तेल भरून अर्धा तास ठेवायचं. तेल गार झालं की कापसानं थोडं टिपून काढायचं आणि गरम घालायचं. सांगायला सोपं आहे. पीठ जरा सैल झालं तर तेल गळतं.

पहिल्याच दिवशी गळलं. खालाच्या बगलेतून ओघळून पाठीखाली गेलं. मी घाबरले. खाला डोळे न उघडता म्हणाली, "बेटी, मला तळायला ठेवलंस का?"

मला हसू आवरेना. मग तीही हसली. सून बाहेर बसली होती, ती धावत आत आली. नंतर मला म्हणाली, "दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसल्या."

तिसऱ्या दिवसापासून खाला बोलायला लागली. कड्यातलं तेल हलू नये म्हणून अगदी हळू बोलायची. म्हणाली, लग्न झाल्यापासून दिवसा अशी आडवी कधी झाले नाही. टरबूज कसं ओळखायचं ते तिनं मला टेबलाच्या कडेवर बोटानं टिचक्या मारून शिकवलं. मी तिला शेळ्यांचं सांगायची, पालीच्या धरणाच्या कडेनं हिंडायचो ते.

"पालीच्या बाया सीताफळं घेऊन यायच्या आमच्याकडं," ती एकदा म्हणाली. "सकाळच्याला डोक्यावर टोपल्या घेऊन. त्यातली एक होती, कधी नासकं फळ न्हाई दिलं तिनं. खाली पाला आन वर फळं, असं न्हाई करायची."

माझी आईही सीताफळं विकायला बीडला यायची. मी आईचं वर्णन केलं, उंच, कपाळावर मोठं गोंदण. खालानं बराच वेळ विचार केला. म्हणाली, "असंल बी. लई बाया यायच्या." तिला नक्की आठवलं नाही, आणि उगीच हो म्हणाली नाही, हे मला आवडलं. पण त्या दिवसापासून तिला तेल घालताना आईची आठवण यायची.

आठवड्याभरात ती गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लागली. झोप लागते म्हणाली. आम्ही सगळे खूश होतो.

नवव्या की दहाव्या दिवशी मी तिचा हात टेबलावर नीट ठेवत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दंडावरचे काळेनिळे डाग गेलेत. रक्त पातळ करायच्या गोळीनं तिला कुठं जरा लागलं तरी डाग पडायचे.

"खाला, डाग गेले की," मी म्हटलं.

"जाणारच. चार दिस झाले, गोळ्या सोडल्या मी."

मी विचारलं, "कावून?"

"आता बरं वाटतंय ना. काढा हाय, तुझं तेल हाय. मूठभर गोळ्या कशाला?" मग तिनं माझं मनगट धरलं. "बाईला सांगू नको. तुला म्हणून बोलले."

मी तेल भरलं. तो अर्धा तास मला फार मोठा वाटला. तिच्या छातीवरच्या तेलात प्रत्येक ठोक्याबरोबर बारीक तरंग उठत होता. रोज मी तो बघायची, मला तो बघायला आवडायचा. त्या दिवशी तो बघवेना. सांगितलं तर ती पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही हे मला कळत होतं. आणि नाही सांगितलं तर काय होईल, हे वैद्यबाईंनी माझ्यासमोरच तिला समजावलं होतं. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ धरू शकते, म्हणून एक दिवसही चुकवायचं नाही, असं.

मी तेल टिपून काढलं, कडं उचललं, छाती गरम फडक्यानं पुसली आणि बाहेर जाऊन बाईंना सांगितलं.

बाई आत आल्या, स्टुलावर बसल्या. "खाला, गोळ्या चालू आहेत ना?"

"हो," खाला म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. "आजपासून तेल बंद," त्या म्हणाल्या. "गोळ्या सुरू होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. माझ्या तेलानं बरं वाटतंय म्हणून तुम्ही गोळ्या सोडणार असाल, तर माझं तेल तुम्हाला घातक आहे." पोराला फोन करून बोलावलं. त्यानं त्याच दुपारी तिला डॉक्टरांकडं नेऊन कार्डिओग्राम काढून घेतला. काही झालेलं नव्हतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

जाताना खाला मला एवढंच म्हणाली, "मन मोकळं केलं होतं बेटी तुझ्यापाशी."

त्यानंतर ती आली नाही. टेबल पुसताना मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी बरोबर केलं हे मला माहीत होतं, तरी बसस्टँडकडून जायचं टाळायची. लांबच्या रस्त्यानं घरी जायची. दिवाळीच्या आधी एकदा सामान आणायला तिकडूनच जावं लागलं. बघते तर खाला दुकानात बसलेली, पुढं सीताफळांचा ढीग. मी पटकन पलीकडच्या बाजूला गेले.

"ए पालीवाली," तिनं हाक मारली. "कावून गं, रस्ता बदलून चालली?"

मी गेले. तिनं फळीखालून गोळ्यांचा डबा काढला, रोजचा वेगळा कप्पा असलेला, आणि उघडून दाखवला. त्या दिवशीचा कप्पा रिकामा होता. "बघ. खाल्ल्यात. उद्या परत येऊन बघ पाहिजे तर."

"खाला, मला सांगावंच लागलं."

"ठावं हाय." ती फळं उलटीपालटी करत राहिली. "पोरगा सगळ्यांच्या देखत ओरडला माझ्यावर. लहान लेकराला ओरडावं तसं. त्याची लाज वाटली. राग तुझ्यावर काढला." मग तिनं चार सीताफळं निवडून माझ्या पिशवीत घातली. मी नको नको म्हणत होते. "माझं न्हाई ऐकलंस त्या दिवशी, आज तरी ऐक."

त्याच आठवड्यात ती डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली आणि राहिलेले दिवस पुरे केले. बाईंनी मागचा विषय काढला नाही. पुढं कित्येक वर्षं खाला डॉक्टरांना विचारून हिवाळ्यात आठवडाभर यायची. मी पीठ मळायला लागले की बाहेरूनच ओरडायची, "घट्ट मळ गं!" तेल मग कधी गळलं नाही.

थकल्यावर ती गेवराईला लेकीकडं राहायला गेली. एकदा लेकीचा फोन आला, अम्मी तुमची आठवण काढतात. मी एसटीनं गेले. खाला उशांना टेकून बसली होती. हृदय कमजोर झालंय, असं डॉक्टर म्हणाले होते. पायांवर सूज होती.

"तेल आणलंस?" तिनं विचारलं.

मी तिथूनच वैद्यबाईंना फोन केला. त्यांनी लेकीकडून डॉक्टरांना विचारायला लावलं. कडं वगैरे काही नको, नुसते तळपाय हलक्या हातानं चोळा, एवढीच परवानगी मिळाली. खाला म्हणाली, "आता तू पण विचारून करायला लागलीस." तिला त्याचं बरं वाटलेलं दिसलं. मी लेकीकडून काशाची वाटी मागून घेतली आणि तळव्यांना तूप लावत बसले. ती सगळ्यांची चौकशी करत होती, वैद्यबाईंची, माझ्या मुलांची, धरणाला पाणी किती आहे त्याची. बोलता बोलता तिचा डोळा लागला. लेकीनं जेवायला वाढलं तरी मी तिला उठवलं नाही.

पुढच्या रमजानच्या आधी ती गेली. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

ओळखीच्या बायका मला अजून विचारतात, त्या तेलानं हृदयाला खरंच काही होतं का गं? मी त्यांना वैद्यबाई सांगायच्या तेच सांगते, डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. त्यापुढचं मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे, की दारापाशी जाऊन परत फिरणारी एक बाई पुन्हा दुकानात जाऊन बसली. गोळ्यांनी, काढ्यानं, तेलानं, की अर्धा तास कुणी तरी शेजारी बसून ऐकत होतं म्हणून, ते मी कधी वेगळं करून बघितलं नाही. दवाखान्यात आता नव्या मुली आहेत. त्या पीठ मळत नाहीत, तयार रबरी कडी मिळतात. ती गळत नाहीत म्हणे, आणि कामही लवकर आटपतं.